लाल दिव्याचे गुरुवार

आमच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. सगळं जग रविवारी लोळतं, आम्ही गुरुवारी. त्या दिवशी माझा मित्र तळवड्याहून बसने संत तुकाराम नगरला माझ्या खोलीवर यायचा. तो लातूरकडचा, चाकणच्या कारखान्यात माझ्याच लाइनवर मेंटेनन्सला. दोघांनाही सर्किटांचं वेड, आणि इथे दोघांचीही वाट पाहणारं कोणी नव्हतं.

भंगारातून आम्ही एफपीजीएचा, म्हणजे हवं ते सर्किट आत रचता येणाऱ्या चिपचा, एक बोर्ड आणला होता. या चिपला वीज गेली की काही आठवत नाही. दर वेळी शेजारच्या छोट्या चिपने, मायक्रोकंट्रोलरने, तिला तिचं काम नव्याने पढवायचं. चिपमधल्या घड्याळाचं सर्किट मी रचलं होतं, पढवण्याचा प्रोग्राम त्याचा.

मित्र प्रोग्राम मायक्रोकंट्रोलरमध्ये भरायचा, मी बोर्डला वीज द्यायचो. दोन-तीन सेकंदांत बोर्डवर लाल दिवा लागायचा. लाइनवर लाल दिवा म्हणजे थांबव. डोक्याआधी हात पोचतो. मी खटकन वीज तोडायचो. दिव्याशेजारी काही लिहिलेलं नव्हतं, पण लाल म्हणजे बिघाड, यात दोघांनाही कधी शंका आली नाही.

असे कितीतरी गुरुवार गेले. मी मुळात तापट. एकदा वैतागून म्हणालो, "तुझ्या प्रोग्राममध्येच घोळ आहे. तुला जमणारं नाही हे."

पोह्यांची बशी खाली ठेवत तो म्हणाला, "आसंल बाबा. बघतो की आजून एकदा."

पुढचा गुरुवार यायच्या आतच त्याचं कंत्राट संपलं आणि तो गावी गेला. मी त्याला स्टँडवर सोडायलाही गेलो नाही. सेकंड शिफ्ट होती, एवढं कारण मला पुरलं.

बोर्ड कपाटावर धूळ खात पडला. गेल्या महिन्यात एका गुरुवारी काढला, पुसला आणि वीज देऊन कणीक मळायला बसलो. लाल दिवा लागला तेव्हा दोन्ही हात कणकेत होते. हात धुऊन येईपर्यंत बोर्डवरच्या छोट्या पडद्यावर सेकंदांचे आकडे पळत होते. एक्केचाळीस, बेचाळीस.

चिप पढून झाली, एवढंच तो दिवा सांगत होता. आणि तो तर पहिल्या गुरुवारपासून लागत होता.

मला मित्राची इतकी आठवण आली की ओल्या हातानेच फोन लावला. "चूक माझी होती," म्हणालो आणि सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "म्हंजी आपलं झालतंच की, राव."

घड्याळ मी चालूच ठेवलंय. लाइट गेली की ते बंद पडतं. आली की त्याचा प्रोग्राम चिपला पुन्हा पढवतो आणि लाल दिवा लागतो. माझा हात अजूनही स्विचकडे जातो. मी तो मागे घेतो आणि दाराकडे बघत बसतो, गुरुवार असला तर जरा जास्त वेळ.