खाली बसा हो, युसूफभाई

"आपण व्हिलनताई बोलताय का?" महिन्यापूर्वी एका सकाळी फोनवर कुणा बाईनं मला अगदी अदबीनं विचारलं. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. हो म्हणावं की नाही, यात क्षणभर गेला, कारण या नावानं मला जगात एकच माणूस हाक मारायचा. "मी युसूफभाईंची सून, शबाना. अब्बांच्या मोबाइलमध्ये तुमचं नाव असंच आहे, खरं नाव आम्हाला माहीतच नाही... अब्बा आज पहाटे गेले." झोपेतच गेले म्हणाली. मी काय बोलले ते आठवत नाही. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही नाही. दुपारी झाकण उघडलं तेव्हा डाळीची खळ झाली होती.

युसूफभाई खडकी बाजारात रिक्षांची सीटं आणि हुड शिवायचे. त्यांचे वडील टांग्यांच्या गाद्या शिवत. टांगे गेले, रिक्षा आल्या, सुई तीच राहिली. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आमची गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं, पण बारा वर्षांपूर्वी एका सिनेमानं ती पाडली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. या वयापर्यंत माणसाला अक्कल येते असा समज आहे. माझ्याकडे अकलेऐवजी एक बक्षीस होतं, खात्याच्या नाट्यस्पर्धेतलं, अभिनयाचं, उत्तेजनार्थ. ते मी प्रत्येक ओळखीच्या आणि बऱ्याचशा अनोळखी माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे. 'उत्तेजनार्थ' हा शब्द तेवढा जरा खोकून.

सिनेमा माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलीचा, निशाचा. पळवून नेलेल्या रेल्वेगाडीचा थरारपट. गाडी पळवायची होती, पण गाडीच नव्हती. खडकीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये प्लायवूडचा अर्धा डबा उभा केला होता. तो हलावा म्हणून खालून चौघंजण बांबू घालून ढकलायचे, आणि स्टेशन गेल्याचा भास व्हावा म्हणून एकजण ट्यूबलाइट लावलेली हातगाडी खिडक्यांबाहेरून पळवायचा. मला ओलीस ठेवलेल्या प्रवाशांपैकी एकीचं काम होतं, वाक्य एकही नाही. एवढं मोठं बक्षीस असून! युसूफभाई डब्यातल्या बाकांना निळं रेक्झिन लावायला आले होते.

व्हिलनचं काम करणाऱ्या नटाला मालिका मिळाली आणि तो दुसऱ्याच दिवशी निघून गेला. निशा डोक्याला हात लावून बसली होती, तेवढ्यात तिची नजर युसूफभाईंवर गेली. सहा फूट उंची, करडी दाढी, भुवईवर लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण. "काका, तुम्हीच करा ना! अभिनयसुद्धा नको, नुसते बंदूक घेऊन उभे राहा. लोक घाबरतील." ते हातातली कात्री तशीच धरून म्हणाले, "नको बेटा." तिथं गप्प बसावं की नाही? पण एकसष्ट वर्षांच्या त्या बयेला टाळी घ्यायची होती. "घ्या हो! एवढी दाढी राखलीत, ती वाया कशाला घालवताय?" सगळी शेड हसली. तेही हसले, आणि सगळ्यांचं थांबल्यावरसुद्धा थोडा वेळ हसत राहिले... मला वाटलं, काय झकास बोललो आपण!

जेवणाच्या सुट्टीत ते आपला डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. "ताई, एक बोलू? माझी नात तिसरीत आहे. झोया. पिक्चर आला की तिच्या वर्गातली पोरं बघणार. मी त्यात मेलेला चालेन, पळपुटा चालेन. बंदूक घेतलेला चालणार नाही. तुम्हाला वाटेल, पिक्चरच तर आहे... तिला शाळेत 'पिक्चरच तर आहे' असं कुणी म्हणणार नाही ना." एवढं बोलून त्यांनी लोणच्याची फोड माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली. रागावून बोलले असते तर मी भांडले असते, भांडणात माझा पहिला नंबर असतो. पण लोणचं वाढणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

मी उठले आणि निशाला जाऊन सांगितलं, "व्हिलन मी करते." ती हसली, मग हसायची थांबली. पोळीभाजीचा डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली साधी आजीच टोळीची म्होरकी निघते, आणि बंदूक त्या डब्यात... तिला ते भलतंच आवडलं. माझं बिनवाक्याचं काम युसूफभाईंना मिळालं. इथं वाचकांनी मला थोर वगैरे समजू नये. निम्मं मी केलेल्या चुकीपायी केलं आणि निम्मं रोल मोठा होता म्हणून.

खरी पंचाईत पुढं होती. मला म्हणायचं होतं, "ए म्हाताऱ्या, खाली बस!" आणि पुण्यात जन्म काढलेल्या या बाईच्या तोंडून निघालं, "अहो, खाली बसा." दुसऱ्यांदा, "खाली बसता का जरा?" तिसऱ्यांदा तर चक्क, "खाली बसा हो, युसूफभाई!" बांबूवाले हसायला लागले की गाडी भलत्याच बाजूला कलायची. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा केलं आणि अकराही वेळा मी त्या माणसाला मान दिला. शेवटी निशा थकून म्हणाली, "मावशी, उद्या दुपारपर्यंत जमलं तर ठीक. परवा शेड सोडायची आहे आणि माझ्याकडे दुसरं माणूस नाही. नाही तर बंदूक काकांनाच द्यावी लागेल." युसूफभाई बाकाशी बसून टाके घालत होते. त्यांची सुई थांबली. वर्षभर त्या सिनेमापायी वणवण केलेल्या मुलीला दुसऱ्यांदा 'नको' म्हणणं त्यांना जमलं नसतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडबाहेर त्यांनी माझी तालीम घेतली.

"ताई, मला शिवी द्या."

"कुठली?"

"कुठलीही."

मी पुष्कळ विचार करून म्हटलं, "तुम्ही मूर्ख आहात."

"'आहात' नको," ते म्हणाले.

शॉट लागला. ते हात वर करून माझ्यासमोर उभे, माझ्या हातात लाकडी पिस्तूल, चौघंजण बांबू धरून तयार. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी ते जरासे वाकले आणि हळूच म्हणाले, "ताई, ते उत्तेजनार्थ बक्षीस... हरलेल्यांनी रडू नये म्हणून देतात ना?"

"खाली बस, मेल्या!"

मी एवढ्यानं ओरडले की ते बसलेच, पण बांबू टाकून ते चौघेही बसले. डबा एका हिसक्यात थांबला, बाकावरचे बाकीचे ओलीस एकमेकांवर आदळले आणि निशा आनंदानं किंचाळली. तो हिसका सिनेमात तसाच आहे. लोकांना वाटतं दिग्दर्शन आहे. युसूफभाई खालूनच, हात वर ठेवून, मला म्हणाले, "माफ करा हं, ताई. बक्षीस मोठंच असतं ते."

सिनेमा एका थिएटरात एक आठवडा सकाळच्या खेळाला चालला आणि मग लोकांच्या मोबाइलवर जाऊन पडला. आमची ओळख मात्र टिकली. ईदला त्यांच्याकडचा शीरखुर्मा, दिवाळीला माझ्या मोडक्या चकल्या. माझे यजमान गेले तेव्हा येणारा प्रत्येकजण काही ना काही समजावून जायचा. युसूफभाई आले आणि तासभर काही न बोलता समोर बसून राहिले. मग उठता उठता म्हणाले, "व्हिलनताई, हात वर करू का?" त्या पंधरवड्यात मी पहिल्यांदा हसले, आणि मग पहिल्यांदाच रडलेही. त्या एका तासाबद्दल त्यांचे आभार मानायचे राहिले. दाढीवरच्या त्या बोलण्याची माफी मात्र एकदा मागितली, चांगली सहा वर्षं उशिरा. ते म्हणाले, "असं होय! मला वाटलं, 'मेल्या'बद्दल मागताय." गेला महिनाभर तो शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. खिडकीतून आत येणाऱ्या मांजरालासुद्धा मी 'अहो' म्हणते.

परवा त्यांच्या दुकानात गेले. मुलगा मशीनवर बसला होता, रेक्झिनचा तोच वास. भिंतीवर कात्र्या टांगायच्या खिळ्यांच्या वर एक फोटो लावला होता, सिनेमातला. मी पिस्तूल रोखलेली, डोळे बाहेर आलेले. ते समोर, हात वर. आतून झोया आली. आता कॉलेजात आहे, उंची आजोबांची घेतली आहे. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "आजी, एक सांगू? रागावणार नाही ना? लहानपणी तुम्ही घरी आलात की मी पलंगाखाली जाऊन बसायचे. अम्मी तुम्हाला सांगायची, झोपलीये."

"अगं, एवढी घाबरायचीस मला?"

"शाळेत सगळीच घाबरायची तुम्हाला. पोरं मला विचारायची, ती आजी खरंच तुमच्या घरी येते?"

मी विचारलं, "आणि दादूची? तुझ्या आजोबांची भीती नाही वाटायची?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही या बाईला नीट ऐकूच येत नाही. "दादूची? त्यांची कशाला वाटेल भीती?"

मी पुन्हा फोटोकडे पाहिलं. डब्यातले सगळे प्रवासी भेदरलेले आहेत. एकट्या युसूफभाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे. निशाच्या ते कधी लक्षात आलं नाही, माझ्याही नाही... माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून झोया घाईघाईनं चहा करायला आत गेली.

"आजी, साखर किती घालू?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. दारातूनच विचारलं, जरा लांब उभं राहून.