कपाटातली खेळणी

आमच्या जव्हारात लहान मुलासाठी खेळणं घ्यायला कारण लागतं. दारूच्या दुकानात कोणी कारण विचारत नाही, खेळण्यांच्या दुकानात मात्र विचारतात. मुलीसाठी पहिल्यांदा चित्रांचं पुस्तक घ्यायला गेले तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती आणि दिवस अगदी साधा होता. ना सण, ना सुट्टी. दुकानदाराने पुस्तक हातात घेतलं आणि विचारलं, "वाढदिवस का?"

"नाही."

"मग कोणाचं बारसं असेल."

"नाही हो. माझ्याच मुलीला हवंय."

"शाळेत नंबर आला वाटतं."

"ती अजून शाळेत जात नाही."

तो जरा विचारात पडला. मग सवयीने चकचकीत कागद काढून पुस्तक बांधायला लागला. मी नको म्हटलं. "असंच नेणार?" असं त्याने विचारलं, जणू मी त्याच्याकडून दूध ओंजळीत घेऊन निघाले होते.

तो माणूस वाईट नाही. गावच तसं आहे. इथे पोर वर्षातून एक दिवस पोर असतं, केक कापायच्या दिवशी. त्या दिवशी त्याच्या डोक्यावर टोपी घालतात, तोंडाला क्रीम फासतात आणि फोटो काढतात. बाकीचे दिवस त्याने शहाण्यासारखं राहायचं, पाहुण्यांच्या पाया पडायचं आणि मोबाइल बघत जेवायचं. मोबाइल द्यायला कारण लागत नाही. पुस्तक दिलं तर लाड होतात.

मी मोखाड्याच्या एका कचेरीत कारकून आहे. रोज जव्हारहून जाते आणि संध्याकाळी परत येते, एसटी मिळाली तर एसटीने, नाहीतर जीपने. घरी नवरा, सासूबाई आणि मुलगी. नवऱ्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे घरातला कारभार सासूबाईंच्या हातात. त्यांचा एक नेम होता. घरात नवी वस्तू आली की आधी देवापुढे ठेवायची, हळदकुंकू लावायचं. याला माझी काहीच हरकत नव्हती. देवाने दोन मिनिटं खेळून घेतलं तर माझं काय जातं? पण देवापुढून निघालेली वस्तू पोरीच्या हातात यायची नाही. ती बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात जायची आणि कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

त्या कपाटात काय नव्हतं. पुठ्ठ्याला तारेने करकचून बांधलेली लाल मोटार होती. एकदाही रुळावर न आलेली आगगाडी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं एक अस्वल होतं, जिवंत असतं तर पहिल्याच आठवड्यात गुदमरून मेलं असतं. मुलगी काचेला नाक लावून उभी राहायची. काचेवर तिच्या नाकाचा डाग पडायचा आणि सासूबाई तो रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायच्या.

"रोज रोज दिलं की किंमत राहत नाही," असं त्या म्हणायच्या. "माझी पितळेची भातुकली होती. लग्नापर्यंत एक भांडं चेपलं नव्हतं."

"मग पुढे काय झालं तिचं?"

"भावाच्या मुलीला दिली. नवीकोरी."

हे त्या इतक्या अभिमानाने सांगायच्या की मला हसावं का रडावं कळायचं नाही. जिने आपल्या भातुकलीत एकदाही खोटा भात शिजवला नाही, ती बाई मला मूल कसं वाढवायचं ते शिकवत होती. नवऱ्याला सांगावं तर तो आईचाच पाढा म्हणायचा. "आपण काय मुंबईवाले आहोत का? शिरपामाळ बघायला रविवारी ते गाड्या भरून येतात, त्यांच्या पोरांच्या हातात सदा काहीतरी नवं असतं. आणि रडतात कशी बघ." पोरं सगळीकडचीच रडतात, एवढं त्या दुकानात बसून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

पण कपाट हा खरा रोग नव्हे. खरा रोग म्हणजे माझी नणंद. ती जव्हारातच दिलेली, दोन गल्ल्या सोडून. तिच्या ओळखी अफाट आणि ओळखीत पोरं उदंड, त्यामुळे तिला आठवड्याला एक वाढदिवस असायचा. संध्याकाळी साडी नेसून, केसांत गजरा घालून ती आमच्या दारात उभी राहायची आणि आईला म्हणायची, "कपाटात काही आहे का गं? आत्ताच जायचंय."

कपाटात असायचंच. मी आणलेलं. सासूबाई कुलूप काढायच्या, दोघी मायलेकी वस्तू उलटीपालटी करून बघायच्या, खोकं फुटलं नाही ना, किमतीची चिठ्ठी निघते ना, आणि माझ्या पोरीची आगगाडी कागदात गुंडाळून कोण्या कापडवाल्याच्या नातवाकडे जायची. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. वर नणंद मला सांगायची, "वहिनी, तुमची आवड चांगली आहे हो. सगळे विचारतात कुठून आणलं म्हणून." आमचं कपाट हे गावातलं एकच दुकान होतं जिथे गिऱ्हाइकाला खिशात हात घालावा लागत नव्हता.

मी भांडून बघितलं. भांडण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "दुसरं आण की," नवरा म्हणायचा. "घरातल्या घरातच गेलंय ना?" कापडवाल्याचा नातू आमच्या घरात कधी आला, हे मी त्याला विचारलं तर तो दुकानात निघून गेला.

मग मला एक युक्ती सुचली. खोकं फुटलेलं असलं की नणंद वस्तूला हात लावत नाही. म्हणजे वस्तू घरात येण्याआधीच जुनी झाली पाहिजे. त्या दिवसापासून मी खेळणी जीपमध्ये जुनी करायला लागले. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी रस्त्यावर ताडपत्री टाकून बसलेल्या माणसाकडून काहीतरी घ्यायचं, जीपमध्ये खिडकीशी जागा धरायची आणि वळणं सुरू झाली की खोकं फोडायचं. मोटार असली तर ती सीटवर, दरवाजावर, माझ्या गुडघ्यावर चालवायची. चेंडू असला तर पायाखाली घेऊन माखवायचा. पुस्तक असलं तर पहिल्या पानावर बॉलपेनने पोरीचं नाव घालायचं, चांगलं ठसठशीत, पान भरून.

एकदा शेजारी एक म्हातारी बसली होती, पाड्यावरची, मांडीवर सुक्या मासळीची पिशवी. मी भोवरा जीपच्या पत्र्यावर घासत होते, रंग जायला हवा म्हणून. ती बराच वेळ बघत राहिली.

"पोरीचा हाय ना?" तिने विचारलं. "मंग तूच कां खेळतंस?"

"जुना करतेय."

"ते पोर करल ना. तुला कां घाई?"

मी सगळी हकीकत सांगितली नाही. तिने आपल्या पिशवीतून नातवासाठी घेतलेली पिपाणी काढली, लुगड्याच्या पदराने पुसली आणि जोरात वाजवली. ड्रायव्हर दचकून मागे बघायला लागला. "मी पन बघतंय, वाजतं का," ती म्हणाली आणि पिपाणी परत मासळीत ठेवून दिली. ते पोर घरी गेल्या गेल्या ती तोंडात घालणार होतं. त्या घरात काचेचं कपाट नव्हतं, एवढंच.

घरी मुलगी दारातच उभी असायची. पहिल्यांदा फुटकं खोकं बघून तिने विचारलं, "हे कोणी फोडलं?"

"मी."

"का?"

"असं केलं की ते आपल्याकडेच राहतं."

तिने मान हलवली. लहान मुलांना कारण पटलं की ती पुन्हा विचारत नाहीत. सासूबाई फुटकं खोकं बघून नाक मुरडायच्या. "तुला वस्तू धरता येत नाही का नीट?" मी म्हणायचे, "जीपमध्ये गर्दी होती, आई." त्या वस्तू देवापुढे ठेवायच्या, पण कपाटात असली लक्तरं कशी ठेवायची? मग ती खेळणी जमिनीवर यायची आणि जमिनीवर माझी पोर बसलेली असायची. पावसाळा असा छान गेला. घर मोटारींनी, ठोकळ्यांनी, सुट्या चाकांनी भरलं. सासूबाईंच्या पायाखाली एकदा ठोकळा आला तेव्हा मला मनातून फार बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

त्यातच एक हत्तीचं पुस्तक होतं. हत्ती बाजाराला जातो आणि त्याला कुठल्याच दुकानाच्या दारातून आत जाता येत नाही, एवढीच गोष्ट. मुलगी ते उशाशी घेऊन झोपायची. वाचता येत नव्हतं तरी सगळं पाठ होतं आणि मी एखादा शब्द गाळला तर मला परत मागच्या पानावर न्यायची. ती वस्तूंना तशी जपायची, त्यामुळे पुस्तक नव्यासारखंच राहिलं होतं. मी निर्धास्त होते, कारण पहिल्या पानावर नाव होतं.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर बाहेरच्या खोलीत नणंद सतरंजीवर बसली होती. पुढ्यात चकचकीत कागद, चिकटपट्टी आणि दाढीचं पातं. नाव घातलेलं पान तिने शिवणीपासून इतक्या सफाईने कापलं होतं की पान होतं हे कळू नये. सासूबाई कागदाचं टोक धरून बसल्या होत्या. मुलगी शेजारी मांडी घालून, हाताची घडी घालून बघत होती.

"ताई, ते पुस्तक तिचं आहे," मी म्हटलं.

"अहो वहिनी, एक पान नसलं तर काय होतं? गोष्ट दुसऱ्या पानावर सुरू होते," नणंद म्हणाली आणि चिकटपट्टी दातांनी तोडली.

मी पुस्तक ओढून घ्यायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. मी ओढलंच. कागद फाटला, नणंद रडायला लागली, सासूबाई म्हणाल्या की दिवेलागणीला घरात हे काय चाललंय. नवरा दुकानातून आला आणि त्याने पुस्तक माझ्या हातातून काढून बहिणीला दिलं. "एका पुस्तकावरून," तो म्हणाला. पुस्तक गेलं. मला त्या सगळ्यांचा इतका तिटकारा आला की रात्री मी जेवले नाही, आणि कोणी जेव म्हटलंही नाही.

मुलगी रडली नाही. तिने दोन दिवस उशाखाली बघितलं, मग आजीला विचारलं, "माझा हत्ती कुठे?"

"गावाला गेला," सासूबाई म्हणाल्या.

"कोणाच्या?"

मी तेव्हा पोळ्या लाटत होते. लाटणं खाली ठेवलं आणि सासूबाईंना म्हटलं, "तुमची भातुकली जशी गेली, तसाच तो गेला. सांगा ना तिला, नवीकोरी वस्तू दुसऱ्याला देताना किती छान वाटतं." त्या उठल्या. किल्ली कमरेला खोचून देवघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, जप चाललाय. आपल्याकडे बोलणं संपलं की जप सुरू होतो.

पुढच्या महिन्यातली गोष्ट. दिवस पुन्हा कसलाच नव्हता. मी संध्याकाळी घरी आले, पर्स खुंटीला लावली आणि चहा टाकला. सासूबाई घरी नव्हत्या. दुपारच्या उन्हात गुडघे दुखत असताना त्या बाजारात चालत गेल्या होत्या, असं शेजारणीने सांगितलं. मी म्हटलं, असेल कोणाचा तरी वाढदिवस.

त्या आल्या तेव्हा हातात पिशवी होती. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले नाहीत, देवघराकडे गेल्या नाहीत. पिशवीतून एक बाहुली काढली, मोठी, निळ्या डोळ्यांची, आडवी केली की डोळे मिटणारी. खोकं नव्हतं, कागद नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच बिनकारण काही विकत घेतलं असावं, कारण ती बाहुली कशी धरायची हेही त्यांना नीट समजत नव्हतं. त्यांनी ती पोरीच्या हातात दिली.

मला खरं सांगायचं तर हसू आलं होतं, विजयाचं. आता आल्या वठणीवर, असं मी मनात म्हणतच होते.

मुलीने बाहुली काखेत मारली आणि धावत माझ्या पर्सकडे गेली. खुर्चीवर चढून तिने पर्समधलं बॉलपेन काढलं, जमिनीवर बसली, बाहुली गुडघ्यांत घट्ट धरली आणि तिच्या कपाळावर, नाकावर, एका गालावर दाबून दाबून रेघा मारल्या. कोणाला काही कळायच्या आत. प्लॅस्टिकवर पेन घसरत होतं, म्हणून तिने दुसऱ्या हाताने ते धरलं होतं. मग मान वर करून आजीकडे बघितलं.

"आता ही कोणाला देता येणार नाही ना?"

सासूबाई दाराला टेकून उभ्या होत्या. रिकामी पिशवी त्यांच्या हातात तशीच होती. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. चहा उतू गेल्याचा वास आला तरी मी हलले नाही.

"अगं, नाही देणार," सासूबाई म्हणाल्या. "तुलाच आणलीय. तुलाच."

मुलीने ते नीट ऐकून घेतलं. मग बाहुलीचं तोंड फिरवलं आणि दुसऱ्या गालावरही रेघ मारली.