बरणीतला मांगूर

रोह्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो, राहतो पेणला रामवाडीत. मासे ओळखण्याचा पगार घेणारा आमच्या आळीत मी एकटाच. बाकीचे फुकट ओळखतात.

गेल्या पावसाळ्यात वडखळच्या पलीकडच्या गावातली एक शेतकरीण बादली घेऊन दारात आली. घरामागच्या तळ्यात तिनं जिताडा माशाची पिल्लं जीव लावून वाढवली होती. पुराच्या पाण्याबरोबर तळ्यात शिरलेल्या काळ्या, मिशाळ माशांतला एक तिच्या जाळ्यात आला होता.

"सर, हा आपला मांगूर नाय. डोकं बघा केवढं हाय! तो बंदी घातलेला आफ्रिकेचा असंल तर सगळं खाऊन टाकील. तुम्ही सांगा, आजच तळं उपसते नि पिल्लं भावाकडं नेऊन सोडते."

घ्या! नुसतं डोकं बघून मासा ओळखायचा, तर आम्ही पदव्या कशाला घेतल्या? "ताई, असं नजरेनं ठरत नाही, त्याला शास्त्र असतं," मी ऐकवलं. दुसऱ्या दिवशी मासा कॉलेजात नेला. कपाटात फॉर्मालिनची बरणी होती, वर 'देशी मांगूर' अशी चिठ्ठी. वीस वर्षं मुलं तिच्यावरूनच आकृती काढत आलीत. मी मिशा मोजल्या, पर तपासले, डोक्याला पट्टी लावली. तंतोतंत जुळलं! लगेच फोन केला, "देशीच आहे. निर्धास्त राहा."

"तुम्ही म्हणता तर असंल," ती म्हणाली.

दिवाळीनंतर आमच्या विभागात नवीन आलेल्या बाईंनी कपाट उघडलं आणि विचारलं, "सर, या आफ्रिकन मांगुरावर देशीची चिठ्ठी कुणी लावली?" मी हसलो. त्यांनी पुस्तक उघडून कवटीच्या मागच्या हाडाचा आकार दाखवला, तेव्हा मात्र माझे कान तापले. चिठ्ठी माझ्याच अक्षरातली. मासा मी रोह्याच्या बाजारात घेतला होता आणि विकणारा 'देशी' म्हणाला, तेच लिहिलं होतं. हे माझं शास्त्र!

त्याच संध्याकाळी त्या शेतकरणीच्या गावी गेलो. तळं उपसून झालं होतं. चिखलात सात काळी धुडं वळवळत होती, हातभर लांब. जिताडा एकही नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो मी, ताई," मी म्हटलं.

तिनं हातातलं जाळं खाली ठेवलं.

"तुमचं काय चुकलं, सर? तुम्ही बरणीत बघून सांगितलंत. मी रोज तळ्यात बघत होती, तरी तुमचंच ऐकलं."