सुनेचं मेजर

माझ्या सुनेचं ऑपरेशन मी ठरवलं. तिला काहीही झालेलं नव्हतं, ती एम. बी. ए.ला प्रवेश घेत होती.

आता या दोन गोष्टींत घोटाळा कसा होतो, असं तुम्ही विचाराल. मी चौथी पास आहे. (त्या काळची चौथी. ती हल्लीच्या कितव्या इयत्तेबरोबर, ते विचारू नका, मी सांगत सुटेन.) मला वाचता येतं, लिहिता येतं आणि ऐकू उत्तम येतं. सगळं त्या ऐकू येण्यानं झालं.

घरात आम्ही तिघं. मी, मुलगा संजय आणि सून वैशाली. नातू शिकायला बाहेरगावी असतो. वैशाली हडपसरच्या एका कंपनीत अठरा वर्षं नोकरी करते. रोज धायरीहून स्कूटरनं जाते, येते आणि आल्यावर पोळ्या करते. पोळ्या चांगल्या होतात. बाकी तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. (आहे, पण ते या गोष्टीत बसत नाही.) तिच्या कंपनीत वरची जागा एम. बी. ए. झाल्याशिवाय मिळत नाही. हाताखाली शिकलेली पोरं तिच्या डोक्यावर जाऊन बसली होती, आणि या वर्षी प्रवेश मिळाला नाही तर आपण तिथेच राहणार हे तिला कळून चुकलं होतं. यातलं अक्षर मला कुणी सांगितलं नव्हतं. कारण मला सांगितलं की शेजारच्या गोखलेबाईंना कळतं, आणि गोखलेबाईंना कळलं की सोसायटीत पाटी लावायची गरज राहत नाही.

तर एका संध्याकाळी वैशाली गॅलरीत कपडे वाळत घालत होती. हात ओले म्हणून फोन कठड्यावर ठेवून मोठ्यानं लावलेला. मी दाराच्या आतल्या बाजूला लसूण सोलत होते. चोरून ऐकत नव्हते. लसूण सोलायची माझी जागाच ती आहे. (त्या दिवसापासून.)

"सर, मेजर करावंच लागेल का?" वैशालीनं विचारलं.

लसणाची पाकळी माझ्या हातातच राहिली. मेजर आणि मायनर हे शब्द मला पक्के ठाऊक आहेत. आमच्या यजमानांना पहिला झटका मायनर आला, दुसरा मेजर. तिसऱ्याची गरज पडली नाही.

"मेजर कंपल्सरी आहे मॅडम," तो सर म्हणाला. "मायनर तुमच्या इच्छेवर."

"दोन्ही एकदम झेपेल का मला?"

"झेपतं हो. सुरुवातीला त्रास होतो, मग सवय होते. तुम्हाला किती वर्षं झाली?"

"अठरा."

"अठरा! मग तुम्हाला लगेच आत घेतील."

अठरा वर्षं बाईनं दुखणं अंगावर काढलं! आणि मी इतकी वर्षं समजत होते की ही मुळातच हळू चालते.

"फक्त एक आहे मॅडम, मागच्या वेळेपेक्षा यंदा कट वर जाईल."

नातवाच्या वेळी वैशालीचं सिझर झालं होतं. मागचा कट कुठे होता हे मला माहीत होतं. आता हा त्याच्याही वर!

"आणि सर, मध्येच नाही झेपलं तर?"

"तर पहिल्या वर्षानंतर एक्झिट आहे ना. पण रिकाम्या हातानं नाही पाठवत आम्ही कुणाला. आम्ही..."

इथे कुकरची शिट्टी झाली. काय देऊन पाठवतात ते ऐकू आलं नाही. एक्झिटचा अर्थ मात्र मला पेपर वाचून माहीत आहे. कुणी नट गेला की 'चटका लावणारी एक्झिट' असंच छापून येतं. शिट्टी थांबली तेव्हा वैशाली म्हणत होती, "मग मेजरला फायनान्स घेते, आणि जमलं तर मायनरला एच. आर."

म्हणजे बाई कर्ज काढून ऑपरेशन करून घेणार! आणि माझा मुलगा रोज जेवताना नव्या गाड्यांचे फोटो बघतो!

एच. आर. तेवढं मला कळेना. मी गोखलेबाईंकडे गेले. त्या हेडबाई म्हणून निवृत्त झाल्या, त्यांना न कळणारी गोष्ट अजून निघालेली नाही.

"कुणाला सांगू नका," मी म्हटलं.

"मी कधी सांगते का?" त्या म्हणाल्या. (पुढच्याच आठवड्यात वाण्यानं मला विचारलं, 'सूनबाई बऱ्या आहेत ना?')

"एच. आर. म्हणजे काय हो?"

गोखलेबाईंनी डोळे मिटले. पुन्हा उघडले. "एच म्हणजे हर्निया. आर म्हणजे राइट. उजव्या बाजूचा हर्निया. आमच्या दादाला डावीकडे होता."

शिक्षण ते शिक्षण. मी घरी आले आणि संजयला गाठलं.

"वैशालीचं मला कळलंय."

तो दचकला. "कळलं? तुला कुणी सांगितलं?"

"कान आहेत मला. कधी आहे?"

"रविवारी सकाळी. ऑनलाइन आहे, घरूनच. तिघांचं पॅनल बसणार आहे. आई, पाया पडतो, कुणाला बोलू नकोस. तिचं सगळं यावर आहे. झालं की आम्हीच सांगू."

"घरूनच?"

"हल्ली सगळं घरूनच होतं."

हे मला पटलं. हल्ली डॉक्टर फोनवर जीभ बघतात आणि गोळ्या लिहून देतात. तीन डॉक्टर लॅपटॉपमधून हिला बघणार आणि मेजर की मायनर ते ठरवणार, असा मी अर्थ लावला. माझ्या बुद्धीला साजेसा होता.

"आणि त्या वेळी तू खोलीत यायचं नाहीस," संजय म्हणाला.

"मी कशाला येते?" मी म्हटलं. आणि वैशालीच्या आईला फोन लावला.

यात माझं काय चुकलं? पोटची पोरगी कापून घ्यायला निघाली आहे आणि आईला पत्ता नाही, हे बरं दिसतं का? "विहीणबाई," मी म्हटलं, "घाबरू नका. तुमच्या मुलीचं मेजर आहे." पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग मी रविवार, हर्निया, वर जाणारा कट, सगळं सविस्तर सांगितलं. माणसाला धीर देण्याची माझी पद्धत जरा कोरडी आहे.

रविवारी सकाळी वैशाली चांगली इस्त्रीची साडी नेसून, केस बांधून खोलीत बसली. तपासायला ड्रेस सोयीचा पडला असता, पण मी बोलले नाही. दाराबाहेर संजय पहाऱ्यावर. थोड्या वेळानं त्याला भूक लागली. (त्याला लागतेच.) "मी इडल्या घेऊन येतो, तू इथून हलू नकोस," असं मला सांगून तो खाली गेला. तो जातोय तोच विहीणबाई आल्या. वाटेत बुधवार पेठेत उतरून दगडूशेठ गणपतीला जाऊन आलेल्या, एका हातात अंगारा, दुसऱ्या हातात शहाळ्यांची पिशवी, आणि डोळे सुजलेले.

"कुठाय माझी पोर?"

"आत आहे. डॉक्टर बघतायत. हळू बोला."

आम्ही दोघी दाराला कान लावून उभ्या राहिलो. आत इंग्रजी चाललं होतं. वैशाली भराभरा उत्तरं देत होती. मध्येच एक बाई 'मेजर' म्हणाली, आणि विहीणबाईंचा धीर सुटला. त्यांनी दार ढकललं. शहाळी आधी आत गेली, मग त्या, मग मी.

लॅपटॉपवर तीन चेहरे होते. दोन पुरुष आणि मध्ये चष्म्याच्या बाई. कोटबिट घालून बसलेले.

"आई!" वैशाली म्हणाली. ते कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही, आम्ही दोघीही होतो. विहीणबाईंनी तिच्या कपाळाला अंगारा लावला. थोडा लॅपटॉपलाही लावला.

मी पुढे झाले. "नमस्कार डॉक्टर. मी हिची सासू."

"नमस्कार, बोला ना," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. (त्या खरोखरच डॉक्टर होत्या! बिनऔषधाच्या डॉक्टरही असतात हे मला मागाहून कळलं.)

"मेजर केलंच पाहिजे का? मायनरवर नाही भागत?"

"नाही आजी, मेजर लागतंच."

"मग करा. पण एक सांगते, मध्येच एक्झिट नको. पूर्ण करूनच घरी पाठवा."

बाई हसल्या. "आमचीही तीच इच्छा आहे. पण आजी, निदान दोन वर्षं लागतात. नोकरी, घर, सगळं सांभाळून फार ओढाताण होते. घरचं कोण बघणार?"

"मी आहे की! हिला मी ओट्याकडे फिरकू देणार नाही. पोळ्या, भाजी, भांडी, सगळं मी बघेन."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं. मी एकदा बोलले की बोलले."

वैशाली माझ्याकडे बघत राहिली. तिच्या लग्नापासून तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. तेवढ्यात विहीणबाई हुंदका देऊन लॅपटॉपला म्हणाल्या, "आणि कट जरा खालीच ठेवा हो! पोर आधीच नाजूक आहे!"

कडेचे गृहस्थ घसा साफ करून म्हणाले, "मावशी, कट आमच्या हातात नसतो."

"मग कुणाच्या हातात असतो?" मी ओरडले. "कंपाउंडरच्या?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. दारात संजय इडल्या घेऊन उभा होता. सांबार सांडत होतं.

"आई," वैशाली अगदी सावकाश म्हणाली, "हा एम. बी. ए.चा इंटरव्ह्यू आहे."

एम. बी. बी. एस. मला माहीत होतं. यात एक अक्षर कमी होतं. मी तिघांना पुन्हा नमस्कार केला, विहीणबाईंना धरलं आणि बाहेर आले. विहीणबाईंचे डोळे क्षणात कोरडे झाले. "हर्निया नाही का मग?" त्या म्हणाल्या, आणि चार इडल्या खाल्ल्या.

दिवसभर वैशाली माझ्याशी बोलली नाही. संजय तेवढं बोलला: "गेलं सगळं." रात्री पोळ्या नेहमीपेक्षा जाड झाल्या होत्या. मी मुकाट्यानं खाल्ल्या. मला वाईट वाटलं की नाही, हे विचारू नका. जाड पोळी मला पचत नाही, एवढं सांगते.

पुढच्या आठवड्यात वैशाली फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, प्रवेश मिळाला."

"मग? मी काय सांगत होते?" मी म्हटलं. मी काहीच सांगत नव्हते, पण अशा वेळी म्हणून घ्यावं.

"मॅडमचा फोन होता. म्हणाल्या, उत्तरं चांगली होतीच, पण घरचा इतका पाठिंबा कुणाच्याच मागे नव्हता."

मला बरं वाटलं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी वैशाली आणि संजय टेबलाशी बसून कुठला कोर्स घ्यायचा ते ठरवत होते. फक्त शनिवार-रविवारचा असला तर तीन वर्षं लागतात, आणि घरचं सांभाळून होतो. रोज संध्याकाळचा दोन वर्षांत संपतो. तिनं आधी तीन वर्षांचाच ठरवला होता.

"पण आता दोन वर्षांचाच घेते," वैशाली म्हणाली. "आणि मायनरसुद्धा करते. आईंनी तिघांसमोर शब्द दिलाय."

संजय चक्क हसला. त्याला मी वाढवलाय!

तर तेव्हापासून पोळ्या मी करते. या वयात, उभ्यानं. त्यांचे आकार आपापले असतात आणि आमच्यात कुणी त्याबद्दल बोलत नाही. गोखलेबाई अधूनमधून डोकावतात. "काय हो, झालं का मेजर?" असं विचारतात, आणि मी लाटणं वर केलं की जातात.

परवा वैशाली पुस्तक पुढ्यात घेऊन जेवत होती. मी तव्यावरची पोळी तिच्या ताटात टाकली आणि सहज विचारलं, "काय गं, ती पहिल्या वर्षानंतरची एक्झिट असते ना, ती मला मिळेल का?"

तिनं पुस्तकातून मान वर केली नाही.

"मिळेल ना आई," ती म्हणाली. "पण रिकाम्या हातानं नाही पाठवणार. पोळपाट देऊ बरोबर."