पालखीच्या दिवशीची हजेरी

फॉरेन्सिक अकाउंटिंगची परीक्षा देतेय म्हटल्यावर माहेरी काकूने कपाळाला हात लावला. "अगं बाय, आता मढी कापणार तू?" मढी नाही गं काकू, हिशोब फाडायचे असतात, असं मी सांगितलं आणि सगळी ओटी हसली. सगळ्यात जास्त हसला माझा धाकटा भाऊ. माझ्याच कंपनीत तो टाइमकीपर, कंत्राटी मजुरांची हजेरी घ्यायचा. "ताई, तू पास हो," तो म्हणाला, "मग बघ, साहेब लोक कसे सरळ व्हतात."

कंपनी रसायनीकडची, केमिकलची. पंधरा वर्षं मी तिथे व्हाउचर लावत बसले होते. दर दोन वर्षांनी बाहेरून कोणीतरी टायवाला यायचा, त्याला काम मी शिकवायचे, आणि वर्षभरात तोच माझ्या डोक्यावर बसायचा. का? तर त्याच्याकडे सर्टिफिकेट. म्हणून तो कागद मला हवा होता. हवा म्हणजे हवाच.

पहाटे पाचला उठून ओट्याशी उभ्याउभ्या वाचायचे, एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात इंग्रजी पुस्तक. नवरा म्हणायचा, पोळी करपली. करपू दे, खा मुकाट्याने. सगळे पेपर पनवेलला जाऊन पहिल्या फटक्यात काढले. मग राहिली शेवटची अट: आपल्या कामाच्या ठिकाणी एक खरी चौकशी करायची आणि तिच्या अहवालावर वरिष्ठांची सही आणायची.

आमचे वरिष्ठ म्हणजे साहेब. लहान कंपनी, त्यामुळे हिशोब आणि माणसं दोन्ही त्यांच्याच हाताखाली. ते म्हणाले, "किरकोळ काहीतरी घ्या मॅडम. मजुरांचं मस्टर बघा. मोठ्या फायलींत कशाला हात घालता?"

बघितलं. तीन दिवस त्या हजेरीच्या पानांत काही म्हणजे काही सापडेना. पुस्तकात दिलेल्या सगळ्या खुणा लावून झाल्या. चौथ्या दिवशी चैत्रातल्या एका तारखेवर नजर गेली आणि मी ताडकन उठले. बावीस माणसं गटार खणायला हजर, पूर्ण दिवस, वर ओव्हरटाइम. बावीसच्या बावीस माझ्या माहेरची, लोधिवलीच्या अलीकडच्या आमच्या गावातली. आणि त्या दिवशी होती गावदेवीची पालखी! पालखीच्या दिवशी आमच्या गावात कुदळ-फावड्याला कोणी शिवत नाही. बायका विळीसुद्धा काढत नाहीत, भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवतात. कुठल्या कॅलेंडरवर ही सुट्टी नाही. बाहेरच्या ऑडिटरच्या बापालाही हे सापडलं नसतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. टेबलावर थाप मारली मी. मग पानाच्या तळाशी टाइमकीपरची सही बघितली. ती भावाची होती.

रविवारी माहेरी गेले. तो अंगणात गाडी धूत होता. मी म्हटलं, "त्या दिवशी तू पालखी खांद्यावर घेऊन नाचत होतास. खांदा सुजला म्हणून तेल मी चोळलं. मग मस्टरवर सही कशी रे?"

"साहेबांनी भरून दिलं. बोलले सही कर. केली."

"विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटभायेर. तुला ठाव नाय का?"

"पैसे घेतलेस?"

"एक रुपया नाय. आयची आन."

माझा विश्वास बसला. आजही आहे. नसता तर बरं झालं असतं, निदान रात्री झोप लागली असती.

अहवालात मी वाक्य लिहिलं होतं: ही सही आपण साहेबांच्या तोंडी हुकमावरून केली, असं टाइमकीपर सांगतो. लिहिलं आणि आठवलं, खाली सही त्याच साहेबांची लागणार. मुदतीला दोन दिवस राहिले होते. मी ते वाक्य खोडलं. पुराव्याशिवाय आरोप करू नये, असं पुस्तकात आहे, असं स्वतःला बजावलं. पण माणसाने दिलेला जबाब जसाच्या तसा नोंदवावा, हेही त्याच पुस्तकात आहे. परीक्षेत तो प्रश्न आला होता आणि उत्तर मी बरोबर दिलं होतं.

साहेबांनी अहवाल वाचला, सही ठोकली. "शाब्बास मॅडम! असंच निर्भीड काम पाहिजे." आठ दिवसांत भावाला काढलं. काढणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष साहेबच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं, आणि दोर माझ्या हातचा. त्या संध्याकाळी भावाचा फोन आला. कमिटीने अहवाल त्याला वाचायला दिला होता. "ताई, मी तुला सांगितलं ते कुठंय यात?" मी म्हटलं, "तोंडी धरत नाहीत रे." त्याने फोन ठेवला.

सर्टिफिकेट आलं. ऑफिसात पेढे वाटले, साहेबांनी दोन उचलले. पगार वाढला, खुर्ची बदलली, टायवाले आता मला मॅडम म्हणतात. भाऊ कोंडाण्याकडे एका फार्महाउसवर वॉचमन आहे, बारा तास उभा. मी पैसे पाठवले ते भावजयीने परत पाठवले. कोणत्या तोंडाने बोलणार? लाज वाटते मला. त्या कागदाचीही आणि तो हवाच म्हणणाऱ्या माझीही.

भाऊबीजेला तो येणार नाही असं धरून चालले होते. आला. भावजयीला घेऊन, नवा शर्ट घालून. करंजी खाल्ली, भाच्यांशी बोलला, पाटावर बसला. मी ओवाळलं. त्याने तबकात पाकीट ठेवलं, पाया पडला. मला वाटलं, मिटलं. रक्ताचं नातं आहे, मिटणारच.

मग त्याने खिशातून कोरा कागद काढला, पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"ह्यावर लिही. ओवाळणी मिळाली म्हणून. तारीख टाक, सही कर."

चेष्टा करतोय असं वाटून मी हसले. तो हसला नाही.

"तोंडी धरत नाय ना तुमच्यात."

मी लिहिलं. तारीख टाकली, सही केली. त्याने ते नीट वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.