आधी मशीन बंद होऊ दे

संपतदादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी कराडात छापखान्याच्या दारात उभी होते. शेजारच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली, "ताई, आटपाडीकडनं फोन हाय," आणि मी शाईचे हात तसेच घेऊन पळाले. पलीकडे दादाचा मेहुणा, वहिनीचा भाऊ होता. "सांगलीला दवाखान्यात येऊ नकोस आता," तो म्हणाला, "सरळ गावाकडंच ये." एवढंच. फोन ठेवल्यावर बूथवाल्याने पाण्याचा तांब्या पुढे केला, मी तो हातात धरून राहिले आणि न पिताच परत दिला.

विट्यापर्यंतच्या एसटीत मी मनातल्या मनात पत्रक लिहीत होते. मला दुसरं काही येतच नाही. वडिलांनी मला वाचायला शिकवलं तेच मोर्च्यांच्या पत्रकांवरून; 'ध' धरणाचा, 'म' मजुरीचा. माणूस अवेळी मेला की त्याला कुणीतरी मारलेलं असतं, हे मी लहानपणापासून धरून चालत आले. गाडी विट्यात शिरली तोवर माझ्या पत्रकात ठेकेदार आला होता, सरकार आलं होतं, मशीन विकणारी कंपनी आली होती. शब्द भराभर सुचत होते आणि मला तेव्हाच कुठेतरी टोचत होतं, की हे फार सहज सुचतंय... आता त्याला काही आठवडे झाले. ते पत्रक निघालेलं नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे, आणि हेही बसून लिहिणं जमत नाही. दोन ओळी झाल्या की उठते, खोलीत फेऱ्या मारते, पुन्हा बसते.

संपतदादा माझा चुलतभाऊ. सैन्यात होता, पूल बांधणाऱ्या आणि रस्ते मोकळे करणाऱ्या पलटणीत. पेन्शनीत गावी आला आणि त्याने झाडं तोडायचं मशीन घेतलं, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. आमच्याकडे तोवर झाड म्हटलं की कुऱ्हाड, नाहीतर दोघांनी दोन बाजूंनी ओढायची करवत. मशीन पहिल्यांदा पारावर ठेवलं तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. एकाने सगळीकडून वाकून बघितलं आणि विचारलं, "आरं, पर हिची वायर कुटं हाय?" दादा म्हणाला, "तुझ्या घरी ऱ्हायली बघ. जा, घिऊन ये." तो असाच होता. चढ्या आवाजाचा, बढाईखोर, पत्त्यांत उघड उघड चोरी करणारा आणि पकडला गेला की आणखी मोठ्याने ओरडणारा. त्याला सज्जन, शांत वगैरे करून मी मांडणार नाही. तोच मला हसला असता.

पण मशीन हातात घेतलं की तो दुसराच माणूस व्हायचा. उन्हाळ्याच्या रखरखाटात जाड पँट, पलटणीचे बूट, चामड्याचे हातमोजे आणि डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट. गळ्यात टॉवेल नाही, अंगात ढगळ सदरा नाही. लोक विचारायचे, "आवं संपतराव, लगीन हाय का लढाई?" तो म्हणायचा, "लगीनच हाय. पर नवरी चावती." मग झाडाभोवती एक फेरी, मान वर करून. वर अडकलेली सुकी फांदी आहे का, वारा कुठून आहे, झाडाचा कल कुठे आहे. झाड पडू लागलं की आपण मागे कुठे सरकायचं ती वाट आधी कोयत्याने साफ. मशीन हवेत लोंबतं धरून कधी चालू करायचं नाही. जमिनीवर टेकवायचं, मागच्या मुठीत बूट रोवायचा आणि मग दोरी ओढायची. खांद्याच्या वर उचलायचं नाही. पात्याच्या टोकाने कापायचं नाही, टोक अडलं की मशीन उसळून थेट तोंडावर येतं. हे सगळं त्याने मला शिकवलं, कारण मी त्याच्याशी भांडायला गेले होते.

कराडजवळ, मलकापूरच्या बाजूला, रस्त्याकडेची जुनी झाडं तोडायचं घाटत होतं आणि मी त्याविरुद्ध पत्रक लिहिलं होतं. त्यात 'यंत्रधारी कसाई' असा शब्द होता. दादाने ते पत्रक दिवाळीत सगळ्या घरासमोर, भाषण ठोकल्यासारखं, मोठ्याने वाचून दाखवलं. काकू हसून हसून बेजार. मग मला म्हणाला, "कसाई म्हणलीस, म्हण. उभं झाड मी तोडतो, लपवत न्हाई. पर एकदा हातात तर धर गं. मग शिव्या बी जोरकस येतील." दुसऱ्या दिवशी त्याने मला हेल्मेट घालून बाभळीच्या ओंडक्यासमोर उभं केलं. मशीन सुरू झालं आणि कोपरापासून दातांपर्यंत सगळं थरथरलं. "अंगठा!" तो मागून ओरडला. "अंगठा मुठीखाली घाल! नुसती बोटं ठिवू नगं, ते काय पोळपाट लाटणं हाय व्हय?" ओंडका कापून पडला तेव्हा मला आनंद झाला होता. लख्ख, निर्लज्ज आनंद. पत्रकातला शब्द मी मागे घेतला नाही, त्यानेही मागितला नाही. झाडांवरून आम्ही शेवटपर्यंत भांडलो, आणि माझी बाजू मला आजही बरोबरच वाटते.

पण त्याचं खरं भांडण माझ्याशी नव्हतं, गावाशी होतं. आमच्या कोरड्या भागात सरपणाची कायमची ओढ. त्यामुळे गावचं झाड तुटलं की खोड मालकाचं, पण डहाळ्या ज्याचा हात पहिला लागेल त्याच्या, अशी रीत आहे. कुणी लिहून ठेवलेली नाही आणि कुणी मोडत नाही. कुऱ्हाडीच्या दिवसांत त्याने फारसं बिघडत नव्हतं. झाड तासन् तास कुरकुरत पडायचं. मशीनने झाड बघता बघता खाली येतं, आणि बायका कोयते-दोर घेऊन इतक्या जवळ उभ्या, की झाड टेकायच्या आत हात लावायला धाव. दादाने चुन्याच्या फक्कीने जमिनीवर गोल आखायला सुरुवात केली. मशीन बंद झाल्याशिवाय आत पाऊल नाही. बायका म्हणायच्या, "काय रं, कबड्डी लावलीस व्हय?" आणि पदर तोंडाला लावून एकेक पाऊल पुढे सरकायच्या. कुणी आत आलं की तो मशीन बंद करायचा, हेल्मेट काढायचा आणि खाली बसून राहायचा. "घरला जावा. मला बी घाई न्हाई." हळूहळू गाव शिकत होतं. रेषेवर नजर ठेवायला त्याच्याबरोबर दगडू असायचा. दगडू परगावचा, त्याचा जोडीदार, मितभाषी आणि डोळ्यांत तेल घालून राखण करणारा.

एकच माणूस त्या रेषेला जुमानत नव्हतं. आमची तानूआत्या. दादाच्या आणि माझ्या वडिलांची थोरली बहीण, म्हातारी, विधवा, काटक. तिला सगळे 'मागं व्हा' म्हणायचे, पण हाताला धरून मागे कोण ओढणार? आमच्याकडे आत्याच्या अंगाला भाचरं हात लावतात ती पाया पडताना. खुद्द दादा, ज्याने सरपंचालाही रेषेबाहेर काढलं होतं, तो आत्या दिसली की नुसता म्हणायचा, "आत्या, जपून गं..." आणि काम पुढे चालू ठेवायचा.

वळवाच्या वादळात शाळेमागचा जुना कडुलिंब उन्मळून आडवा झाला. पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा वाईट, हे दादाच सांगायचा. कुठली फांदी कशाला पेलून धरते आहे ते वरून कळत नाही. खोड एका जाड फांदीवर तोललेलं होतं. त्याने सगळ्या बाजूंनी बघितलं, फक्की मारली, ती फांदी निम्म्याहून जास्त कापली, आणि आता खोडाला टेकू कुठे द्यायचा हे बघायला वाकला. मशीन त्याने थांबवलं नव्हतं. त्याच वेळी आत्या आत गेली. दगडूने ओरडून सांगितलं, "आत्या, मागं! मागं या!" ती म्हणाली, "माज्या भावाच्या पोराच्या मशीनला मी भ्यायचं व्हय रं?" आणि तिने त्या फांदीच्या शेंड्याला हात लावला. नुसता लावला नाही, ओढला. आपली म्हणून. फांदी मोडली आणि खोड फिरलं... दादाच्या कमरेवर.

अपघाताचं कळताच मी सांगलीला गेले, तेव्हा तो शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "आली पत्रकवाली." मग विचारलं, "काय लिवणार हायस?" मी म्हटलं, "जे झालं ते." तो म्हणाला, "मशीनला बोल लावू नगं. मशीन फेकलं गेलं तवा साखळी जाग्यावर थांबली हुती, मी बघितली." हे त्याला महत्त्वाचं वाटत होतं, त्या अवस्थेत. "आणि आत्याचं नाव घालू नगं. म्हातारी हाय." मी चिडले. पलंगावरच्या माणसावर मी चिडले! म्हटलं, "मग बोल लावू कुणाला, दादा?" त्याने डोळे मिटले. "तूच बघ की. एवढी शिकलीयास..." मी कराडला परतले आणि मग तो फोन आला.

गावाने उत्तर माझ्याआधी शोधलं. लिंब देवाचा होता, असं आधी झालं. ते फार टिकलं नाही. मग कुजबुज सुरू झाली की दगडूचं लक्ष नव्हतं, रेषेवर तो नव्हताच, तंबाखू मळत बसला होता. परगावच्या माणसावर ते चटकन चिकटलं. ज्यांनी त्याची हाक कानांनी ऐकली होती तीच माणसं मान हलवू लागली. दोन ठिकाणची ठरलेली कामं फिरली. वहिनीने मशीन दगडूलाच द्यायचं ठरवलं होतं, तर भावकी म्हणाली, ज्याच्या हयगयीने नवरा गेला त्याच्या हातात देतेस? वहिनी मला म्हणाली, "तू लिही की पेपरात खरं काय ते." खरं लिहायचं तर आत्याचं नाव येत होतं. नाही लिहायचं तर एका निर्दोष माणसाची भाकरी जात होती. मी आयुष्यभर सरपण गोळा करणाऱ्या बायकांच्या बाजूने लिहीत आले. त्यांच्या हातून काही होऊ शकतं, अशी ओळच माझ्याकडे नव्हती.

शेवटी आत्याकडे गेले. तिच्या अंगणात ती लिंबाची फांदी पडली होती. पानं वाळून गळाली होती, डहाळी न् डहाळी जागच्या जागी. दादाला जीपमध्ये घालून नेलं, त्या गोंधळानंतर कुणीतरी ती ओढत आणून तिच्या दारात टाकली होती. हात तिचा पहिला लागला होता ना. रीत म्हणजे रीत.

आत्या उंबऱ्यात बसली होती. मी म्हटलं, "आत्या, दगडूचं काम बंद पडलंय."

"ठावं हाय मला."

"लोक म्हणतात, त्यानं हाक मारली नाही."

तिने फांदीकडे बघितलं. मग म्हणाली, "तू पेपरात लिवतीस न्हवं? माजं नाव घाल."

"दादा नको म्हणाला होता."

"त्यो म्हणंल. लाडका हुता त्यो माजा." ती उंबऱ्यावरून उठली. "माजं नाव घाल. आन् दगडूला बलीव. मशीन घिऊन ये म्हणावं."

वहिनीने स्वतः मशीन आणून दिलं. दगडू आला, हेल्मेट घालून, मान खाली घालून. गल्ली गोळा झाली. आत्या अंगणाच्या मध्यावर उभी राहिली आणि चावडीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्यानं मला दोनदा हाक दिली हुती. मीच थांबले न्हाई. ज्याला काय बोलायचंय त्यानं मला बोला." मग तिने बायकांकडे वळून हात आडवा केला, "सरका मागं. आधी मशीन बंद होऊ दे," आणि स्वतः पार गल्लीच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिच्या पुढे एकही बाई गेली नाही. दगडूने फांदीचे तुकडे केले, मशीन बंद केलं, हातमोजे काढले. तरी कुणी हललं नाही.

तेव्हा लिहिते: तिचं नाव तानूबाई, संपतच्या वडिलांची सख्खी बहीण. दादा, तुझं ऐकलं नाही. दगडूला पुन्हा बोलावणी येऊ लागली आहेत. गेल्या आठवड्यात गावी गेले होते. लिंबाची लाकडं आत्याच्या भिंतीशी रचलेली आहेत, चांगली खणखणीत वाळलेली. चूल ती शेणी लावून पेटवते.