फुंकणं बंद!

"बेल्स पाल्सी," डॉक्टर देशमुख म्हणाल्या. "म्हणजे चेहऱ्याच्या नसेला सूज. अर्धा चेहरा लुळा पडतो, पण बहुतेकांचा बरा होतो. काही फुंकता का?"

"फुंकतो की! मिसरूड फुटायच्या आधीपासून. सकाळ-संध्याकाळ."

"मग ते आजपासून बंद. कायमचं."

सौदीतल्या दम्मामच्या इस्पितळात अमरावतीच्या डॉक्टर भेटल्या म्हणून मी खूश होतो. ती खुशी तिथेच खलास झाली.

मी सॅक्सोफोनवाला. सांगलीत वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेटपासून सुरुवात केली, मग बोटींवर, हॉटेलांत सोल आणि फंक वाजवत इथवर आलो. सोल म्हणजे आतड्यातून आलेलं गाणं. फंक म्हणजे बसल्या जागी पाय हलवणारा ठेका. दोन्हींत मला तोड नाही, हे मीच सांगतो. दुसरं कोण सांगणार? आणि आता साधी चूळ भरली तरी पाणी डाव्या बाजूने सदऱ्यावर.

स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्या, सुरू झाल्या. डावा डोळा मिटेना, म्हणून झोपताना त्यावर पट्टी. "शिकवण्या घ्या," बायको, सुनीता, म्हणाली. मी सॅक्सोफोनला हात लावला नाही. रडलोसुद्धा, एका डोळ्याने जरा जास्तच.

पुढच्या तपासणीला हिय्या करून विचारलं, "मॅडम, फुंकणं सोडून खायचं काय? मला दुसरं काही येत नाही."

"सिगारेट सोडून कुणी उपाशी मरतं का?"

"सिगारेट? जन्मात ओढली नाही. मी सॅक्सोफोन फुंकतो!"

बाई हसता हसता खुर्चीत मागे रेलल्या. "अहो, मग वाजवतो म्हणा ना!"

आता काय सांगू, आम्हा बँडवाल्यांत फुंकणंच म्हणतात.

"ओठात जोर आला की खुशाल वाजवा," त्या म्हणाल्या. "ताण मात्र देऊ नका."

तुमच्यापैकी कुणाचा चेहरा असा वाकडा झाला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. आणि डॉक्टर काय म्हणाले ते कळलं नाही, तर लाजू नका, पुन्हा विचारा. न विचारता मी उगाच सुतक पाळलं.

ओठ हळूहळू वळणावर आला. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. पहिल्याच कार्यक्रमात लांब सूर धरला आणि डाव्या कडेतून हवा निसटली. सूर खरखरला. मी थांबणार, तोच मागून आमचा ड्रमर ओरडला, "यल्ला, चल, छोड मत!" मी तोच खरखरीत सूर धरून ठेवला.

सुनीता इतकी वर्षं माझ्या कार्यक्रमांना क्रोशाचं काम घेऊन येते. त्या दिवशी तिने ते पिशवीतून काढलंच नाही.